महाधमनीचे विकार : वेळेत ओळख, वेळेत पाठवणी

(अभ्यासलेख — प्रशासकीय अधिकारी)

आपल्या वार्षिक अहवालात कार्यवृत्त, हिशेबपत्रके आणि देणगीदारांची यादी यांच्या जोडीला दरवर्षी एका आजाराविषयी अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. आजवर हे लेख आपल्या मानद तज्ज्ञ डॉक्टरांनी लिहिले. यंदा विश्वस्त मंडळाने हे काम माझ्याकडे सोपविले. मी वैद्यक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली सव्वीस वर्षे या रुग्णालयाचे दप्तर सांभाळीत आहे. तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला का आला, हे प्रथम सांगणे प्राप्त आहे. लेखातील वैद्यकीय मजकूर आपल्या मानद फिजिशियनांनी वाचून दुरुस्त करून दिला आहे. प्रशासकीय भागाची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.

एका रात्रीचा हिशेब

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमधील ही घटना. रुग्णाची ओळख उघड होऊ नये इतकाच तपशील येथे देतो. पंचावन्न वर्षांचे एक किराणा दुकानदार दुकान बंद करताना साखरेचे पोते सरकवीत होते. त्याच क्षणी त्यांच्या छातीत आणि पाठीत एकाएकी असह्य कळ आली. पत्नी व मुलगा त्यांना रात्री ९ वाजून १० मिनिटांनी आपल्या अपघात विभागात घेऊन आले. पहिल्या ईसीजीत विशेष काही नव्हते. पित्ताचे इंजेक्शन दिले गेले. दुखणे थांबले नाही. ते छातीतून पोटाकडे सरकले. दुसऱ्या ईसीजीत थोडा बदल दिसला. हृदयविकाराचा झटका समजून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देण्यात आल्या आणि गुठळी विरघळविण्याच्या इंजेक्शनची तयारी सुरू झाली.

त्या वेळी ड्यूटीवरील सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, उजव्या हाताला बी.पी. एकशे सत्तर आहे, पण डाव्या हाताला नीट लागतच नाहीये." डॉक्टरांनी हात थांबविला आणि फिजिशियनांना फोन केला. त्यांनी इंजेक्शन रोखून छातीचा रंगद्रव्यासह सी.टी. स्कॅन ताबडतोब करण्यास सांगितले. तेव्हा १० वाजून २० मिनिटे झाली होती.

सी.टी. यंत्र रात्री आठनंतर बंद असे. तंत्रज्ञ शेजारच्या गावी घरी असत व बोलावल्यावर येत. रात्रपाळीचा भत्ता वाचावा म्हणून ही व्यवस्था दोन वर्षांपूर्वी मीच सुचविली होती. स्कॅन हाती आला तेव्हा ११ वाजून ४५ मिनिटे झाली होती. महाधमनी हृदयापासूनच फाटलेली होती. त्यानंतर कोणत्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया रात्री होते, खाट आहे का, रुग्णवाहिका कोणती, सोबत डॉक्टर कोण जाणार, यासाठी फोन सुरू झाले. दरम्यान मुलगा हिशेबाच्या खिडकीशी उभा राहून विचारत होता, "साहेब, बाबांना न्यायला आधी किती भरावे लागतील?" त्याला देण्यासारखे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. रुग्णवाहिका १२ वाजून ५० मिनिटांनी निघाली. शहर तासाभरावर राहिले असताना रुग्णाने प्राण सोडला.

पुढील आठवड्यात मृत्यू-आढावा बैठकीसाठी मी या साऱ्या वेळा एका कागदावर मांडल्या. रुग्ण आपल्या छताखाली तीन तास चाळीस मिनिटे होता. त्यांपैकी पहिला एक तास दहा मिनिटे रोग ओळखण्यात गेली. ती डॉक्टरांची बाब. उरलेले अडीच तास तंत्रज्ञाची वाट पाहण्यात आणि फोन करण्यात गेले. ते वैद्यकीय नव्हते, प्रशासकीय होते. रुग्ण वेळेत पोहोचला असता तर खात्रीने वाचला असता, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. परंतु त्या अडीच तासांची नोंद कोणाच्या नावे करावयाची, याविषयी मला संशय उरला नाही. त्यानंतर मी या आजाराविषयी जे वाचले, डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

महाधमनी आणि तिचे दोन विकार

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती प्रथम वर चढते, मग कमानीसारखी वळते, पाठीच्या कण्याच्या कडेने छातीतून खाली उतरते आणि पोटात बेंबीच्या पातळीजवळ दोन फाट्यांत विभागली जाते. मेंदू, हात, आतडी, मूत्रपिंडे व पाय यांना रक्त पोहोचविणाऱ्या शाखा तिच्यापासूनच निघतात. तिच्या भिंतीला तीन थर असतात : आतील पातळ अस्तर, मधला लवचिक व स्नायुमय थर आणि बाहेरील वेष्टन. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब ही भिंत जन्मभर सोशीत असते.

पहिला विकार म्हणजे ॲन्युरिझम, अर्थात फुगा. भिंत एखाद्या जागी दुबळी होऊन बाहेर फुगते. पोटातील महाधमनीचा व्यास साधारण २ सेंटीमीटर असतो. तो ३ सेंटीमीटर वा अधिक झाला की त्यास फुगा म्हणतात. हा फुगा बहुधा वर्षानुवर्षे काहीही त्रास न देता हळूहळू वाढतो. तो फुटला तर मात्र बहुतांश रुग्ण दगावतात आणि त्यांतील कित्येक रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत.

दुसरा विकार म्हणजे डिसेक्शन, अर्थात विदारण. यात आतील अस्तराला चीर पडते. दाबाखालील रक्त त्या चिरेतून मधल्या थरात शिरते आणि दोन थर एकमेकांपासून सोडवीत पुढे जाते. गोधडीची शिवण एका जागी उसवावी आणि आतले पदर सुटत जावेत, तसा हा प्रकार आहे. रक्तासाठी एक खरा आणि एक खोटा असे दोन मार्ग तयार होतात. खोटा मार्ग फुगून शाखांची तोंडे दाबतो. म्हणून त्याच आजाराने एका रुग्णाला पक्षाघात होतो, दुसऱ्याच्या हाताची नाडी नाहीशी होते, तिसऱ्याचे पाय गार पडतात, तर चौथ्याचे पोट दुखते. चीर हृदयाच्या दिशेने गेली तर हृदयाभोवतालच्या पिशवीत रक्त साचते, महाधमनीची झडप निकामी होते किंवा हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी बंद होते.

या आजाराची जुनी आणि प्रसिद्ध नोंद इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याची आहे. तो २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी अकस्मात मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्ताने भरलेली आणि महाधमनीच्या आतील अस्तरास चीर पडलेली आढळली.

विदारणाचे वर्गीकरण उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आज सर्वत्र स्टॅनफर्ड पद्धत वापरतात. महाधमनीचा वर चढणारा भाग बाधित असेल तर तो 'ए' प्रकार. तो भाग वाचला असेल तर 'बी' प्रकार. साधारणपणे तीनांतील दोन रुग्ण 'ए' प्रकारचे असतात. 'ए' म्हणजे तातडीची शस्त्रक्रिया आणि 'बी' म्हणजे बहुधा प्रथम औषधोपचार, इतके आमच्या नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

'ए' प्रकारात शस्त्रक्रिया न झाल्यास पहिल्या ४८ तासांत दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, असे जुन्या पाठ्यपुस्तकांत दिलेले आहे. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय नोंदींत हे प्रमाण तासाला सुमारे अर्धा टक्का आढळले. आकडा कोणताही घेतला तरी घड्याळ रुग्णाच्या विरुद्ध चालते. व्याजाचा दर ठाऊक असलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

धोका कोणाला

विदारणाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ताब्यात नसलेला उच्च रक्तदाब. या आजाराची आंतरराष्ट्रीय नोंदवही १९९६ मध्ये सुरू झाली. तिच्यातील पहिल्या ४६४ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील शंभरांतील सुमारे बहात्तर जणांना उच्च रक्तदाब होता. गोळी "बरे वाटते" म्हणून मध्येच बंद करणारे रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज भेटतात. त्यांना हा आकडा सांगण्यासारखा आहे.

पोटातील फुग्यामागे वाढते वय, पुरुष लिंग आणि धूम्रपान ही प्रमुख कारणे आहेत. विडी-सिगारेट सोडणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

तरुण वयात हा आजार झाल्यास जन्मजात कारणांचा शोध घ्यावा लागतो. १८९६ मध्ये फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी वर्णन केलेल्या विकारात व्यक्ती उंच, लांब हातापायांची, लांब बोटांची असते. डोळ्यांतील भिंग सरकलेले असू शकते आणि महाधमनीचे मूळ रुंदावते. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणे, घराण्यात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झालेला असणे, याही धोक्याच्या खुणा आहेत. मार्फान विकार असलेल्या स्त्रीची गरोदरपणी विशेष काळजी घ्यावी लागते. महाधमनीला सूज आणणारा ताकायासू आजार आपल्या देशातील तरुण स्त्रियांत आढळतो. कमी वयात एका हाताची नाडी न लागणे ही त्याची खूण होय.

आणखी एक बाब औषध दुकानदारांसाठी. फ्लुरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके, म्हणजे सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन इत्यादी, महाधमनीचा फुगा असलेल्या वा तो होण्याचा विशेष धोका असलेल्या रुग्णांस अन्य पर्याय असताना देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. चिठ्ठीवाचून या गोळ्या मागणाऱ्यास त्या न देणे, हे आपल्या आवारातील दुकानाचे धोरण आहे व राहील.

ओळखावे कसे

हा आजार फसवा आहे. छातीत दुखते म्हणून हृदयविकार वाटतो, पोटात दुखते म्हणून पित्त वाटते, पाठीत दुखते म्हणून चमक भरली असे वाटते. या रोगाच्या शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक डॉ. मायकेल डीबेकी यांना ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, स्वतःलाच विदारण झाले. प्रथम त्यांनाही हृदय बंद पडणार असेच वाटले होते. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्यावर, त्यांनीच घडविलेल्या शास्त्राच्या आधारे, शस्त्रक्रिया झाली. ते जुलै २००८ पर्यंत जगले. ज्याने हा आजार जन्मभर हाताळला त्याची अशी गत, तर रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरास एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती तपासण्याची ठरलेली पद्धत देणे हे संस्थेचे काम आहे.

आपल्या अपघात विभागात आता छाती, पाठ वा पोटदुखीच्या प्रत्येक प्रौढ रुग्णासाठी एक पानी तक्ता भरला जातो. त्यात तीन गटांचे प्रश्न आहेत.

१. पूर्वपीठिका : मार्फान विकार, महाधमनीचा वा तिच्या झडपेचा ज्ञात आजार, घराण्यातील इतिहास, महाधमनीवर नुकतीच झालेली शस्त्रक्रिया.

२. दुखण्याचे स्वरूप : ते एकाएकी आले काय, आरंभीच अतितीव्र होते काय, फाडल्यासारखे वा चिरल्यासारखे आहे काय.

३. तपासणी : दोन्ही हातांच्या रक्तदाबात २० हून अधिक फरक, एखादी नाडी न लागणे, दुखण्यासोबत हात-पाय लुळा पडणे, झडप गळत असल्याचा नवा आवाज, किंवा रक्तदाब कोसळणे.

ज्या गटात एकही खूण आढळेल त्या गटाला एक गुण. दोन वा तीन गुण आले तर वेळ न दवडता सी.टी. अँजिओग्राफी. शून्य वा एक गुण असेल तर रक्तातील डी-डायमर तपासावा. तो ५०० च्या खाली असल्यास विदारणाची शक्यता अत्यल्प राहते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या पद्धतीने निसटलेल्या रुग्णांचे प्रमाण हजारी सुमारे तीन होते. अर्थात तक्ता हा डॉक्टरांच्या विवेकाला पर्याय नव्हे.

येथे तीन गोष्टी विसरू नयेत. एक, ईसीजी साधा असला म्हणून आजार नाही असे नव्हे. उलट विदारणाने हृदयाची वाहिनी दाबली गेल्यास ईसीजीत खरोखर झटक्याच्या खुणा दिसू शकतात. दुसरी, छातीच्या एक्स-रेत मधला भाग रुंदावलेला दिसू शकतो, परंतु एक्स-रे साधा असला म्हणून निश्चिंत होता येत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, विदारणाच्या रुग्णाला गुठळी विरघळविणारे इंजेक्शन दिल्यास रक्तस्राव होऊन ते प्राणघातक ठरू शकते. म्हणून हे इंजेक्शन भरण्यापूर्वी दोन्ही हातांचे बी.पी. पाहिल्याची सही तक्त्यावर असलीच पाहिजे, असा नियम आपण केला आहे. ही सही करण्यास पंधरा सेकंद लागतात.

निश्चित निदानासाठी सी.टी. अँजिओग्राफी ही प्रमुख तपासणी होय. रुग्ण हलविण्याजोगा नसेल तर अन्ननलिकेतून करावयाची इकोकार्डिओग्राफी उपयोगी पडते. साध्या इकोनेही हृदयाभोवतीचे रक्त वा झडपेची गळती दिसते, परंतु साधा इको निर्दोष असल्याने शंका फिटत नाही. पोटातील फुग्यासाठी मात्र साधी सोनोग्राफी पुरेशी, स्वस्त आणि विश्वासार्ह आहे.

पहिल्या तासातील उपचार

आपल्यासारख्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होत नाही. परंतु पाठवणीपूर्वीचे उपचार येथे होतात, आणि ते रुग्णाच्या जिवाशी निगडित आहेत.

प्रथम वेदना शमवावी. त्यासाठी मॉर्फिनसारखे औषध दिले जाते. वेदनेने नाडी व दाब वाढतात आणि चीर पुढे सरकते. त्यानंतर नाडी मिनिटाला साठच्या खाली आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान आणावा. त्यासाठी प्रथम बीटा-ब्लॉकर गटातील इंजेक्शन, म्हणजे एस्मोलोल वा लॅबेटॅलोल, देतात; दाब त्यानंतरही अधिक राहिल्यास रक्तवाहिन्या सैल करणारे औषध जोडतात. हा क्रम उलट केल्यास नाडी वेगाने वाढून अपाय होतो. रक्तदाब ज्या हाताला अधिक लागतो त्याच हाताचा आकडा प्रमाण मानावा. ज्या रुग्णाचा दाब मुळातच कोसळलेला आहे त्याला ही दाब उतरविणारी औषधे देता येत नाहीत. त्याची पाठवणी अधिकच निकडीची असते.

शस्त्रक्रियेचे शास्त्र

'ए' प्रकारात छाती उघडून, हृदय-फुप्फुस यंत्रावर रुग्णाला ठेवून, फाटलेला भाग काढला जातो आणि त्या जागी डेक्रॉन कापडाची नळी शिवली जाते. कमानीवर काम करावयाचे असल्यास शरीर थंड करून काही वेळ रक्ताभिसरण थांबवावे लागते. झडप व महाधमनीचे मूळ दोन्ही बदलण्याची पद्धत ह्यू बेंटॉल व अँटनी डी बोनो यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली.

'बी' प्रकारातील बहुसंख्य रुग्ण दाब व नाडी ताब्यात ठेवून सांभाळता येतात. मात्र वाहिनी फुटण्याची चिन्हे, आतडी, मूत्रपिंड वा पायांचा रक्तपुरवठा तुटणे, किंवा न थांबणारी वेदना असल्यास जांघेतील धमनीतून आच्छादित स्टेंट आत नेऊन चीर बंद करतात.

पोटातील फुग्याचा इतिहास उद्बोधक आहे. शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यावर १९४८ मध्ये डॉ. रूडॉल्फ निसेन यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा फुगा बदलण्याची सोय नव्हती; त्यांनी तो सेलोफेनने गुंडाळला. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला, आइन्स्टाइन यांनी पुन्हा शस्त्रक्रियेस नकार दिला आणि १८ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या काळात, मार्च १९५१ मध्ये, पॅरिस येथे शार्ल द्यूबोस्त यांनी फुगा काढून त्या जागी दात्याची धमनी बसविली होती. पुढे १९९० मध्ये ब्युनोस आयरेस येथील हुआन पारोदी यांनी पोट न उघडता जांघेतून स्टेंट बसविण्याची पद्धत यशस्वी केली. आज ती अनेक रुग्णांस लागू पडते.

फुगा सापडला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नव्हे. पोटातील फुगा पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटीमीटरच्या आसपास पोहोचल्यावर शस्त्रक्रियेचा विचार होतो. छातीतील वर चढणाऱ्या भागासाठी सर्वसाधारणतः ५.५ ही मर्यादा आहे. अनुभवी केंद्रांत ५ सेंटीमीटरलाही विचार होतो आणि मार्फान विकारात त्याहून लवकर. फुगा एका वर्षात अर्धा सेंटीमीटर वाढला तर तो धोक्याचा इशारा होय. तोवर ठरलेल्या अंतराने मोजमाप, दाब ताब्यात, तंबाखू बंद आणि जड ओझी टाळणे, हाच उपचार. ब्रिटनमध्ये पुरुषांना वयाच्या पासष्टाव्या वर्षी एकदा पोटाची सोनोग्राफी देऊ केली जाते. आपल्याकडे निदान साठी उलटलेल्या व धूम्रपान करणाऱ्या पुरुषाची कोणत्याही कारणाने सोनोग्राफी होत असेल तर महाधमनीचा व्यास अहवालात लिहावा, अशी विनंती आपण क्ष-किरण विभागाला केली असून ती अमलात आली आहे. यासाठी वेगळा खर्च नाही.

आपण काय बदलले

त्या डिसेंबरनंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने चार बदल केले.

पहिला, सी.टी. विभागात रात्री तंत्रज्ञ उपस्थित असतो. त्याचा भत्ता वर्षाच्या एकूण खर्चात शोधूनही सापडत नाही, इतका लहान आहे. काटकसर करताना मी तो सहज शोधून काढला होता, हे नमूद करतो.

दुसरा, अपघात विभागाच्या भिंतीवर पाठवणीचा फलक लावला आहे. महाधमनीची शस्त्रक्रिया चोवीस तास करणाऱ्या तीन रुग्णालयांचे थेट क्रमांक, स्कॅनची चित्रे आधी पाठविण्याची पद्धत, १०८ क्रमांकाची शासकीय रुग्णवाहिका आणि आपली स्वतःची रुग्णवाहिका यांची माहिती त्यावर आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे क्रमांक फिरवून खात्री केली जाते.

तिसरा, पैशाच्या प्रश्नाचे उत्तर आता लेखी तयार आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात, रुग्णांच्या बिलांतील दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते आणि तातडीच्या रुग्णाकडून दाखल करताना अनामत मागता येत नाही. ज्या रुग्णालयात रुग्ण पाठवावयाचा, तेही धर्मादाय असल्यास हाच नियम तेथेही लागू आहे. आपला समाजसेवा अधिकारी नातेवाइकांना हे समजावून देतो आणि शासकीय आरोग्य योजनेत रुग्ण बसतो काय, याची चौकशी रुग्णवाहिका निघण्याची वाट न अडविता पुढे चालू ठेवतो.

चौथा, प्रत्येक अशा रुग्णाच्या वेळा मी स्वतः मांडतो आणि त्या मृत्यू झालेला असो वा नसो, आढावा बैठकीपुढे ठेवतो.

गेल्या श्रावणात एक बेचाळीस वर्षांच्या शिक्षिका पाठीत एकाएकी कळ आल्याने संध्याकाळी उशिरा आल्या. तक्त्यावर दोन गुण झाले. अर्ध्या तासाच्या आत स्कॅन झाला, 'ए' प्रकारचे विदारण दिसले, आणि दाराशी आल्यापासून सव्वा तासात त्या शहराच्या वाटेला लागल्या. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. आज त्या शाळेत जात आहेत. त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन्ही भावांचा इको केला गेला. धाकट्या भावाच्या महाधमनीचे मूळ ४.६ सेंटीमीटर आढळले. त्यास कोणताही त्रास नव्हता. तो आता औषधावर असून नियमित तपासणीस येतो. एका रुग्णाचे निदान कधी कधी घरातील दुसऱ्याचा जीव वाचविते. म्हणून विदारण वा छातीतील फुगा झालेल्या व्यक्तीचे आईवडील, भावंडे आणि मुले यांनी तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतरही हा आजार संपत नाही. उरलेली महाधमनी तीच असते. रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवणे, गोळ्या आजन्म घेणे आणि पहिल्या वर्षी काही वेळा व पुढे दरवर्षी स्कॅन करणे आवश्यक असते. अशा रुग्णांची स्वतंत्र वही आपण ठेवली आहे. ठरल्या तारखेस न आलेल्यास फोन केला जातो.

एका यशावरून पद्धत सिद्ध झाली, असा दावा मी करीत नाही. परंतु त्या दोन कागदांवरील वेळा शेजारी ठेवल्या असता फरक डोळ्यांत भरतो, आणि तो फरक डॉक्टरांच्या कौशल्यात पडलेला नाही; तो आपल्या व्यवस्थेत पडला आहे.

विश्वस्त मंडळास नम्र विनंती अशी की, रात्रीच्या सी.टी. तंत्रज्ञाचा खर्च येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा, म्हणजे पुढे माझ्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्यास तो काटकसरीच्या यादीत घालताना थांबून विचार करावा लागेल. सभासद व हितचिंतकांनी आपल्या घरी दोन गोष्टी सांगाव्यात : रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नये, आणि एकाएकी आलेली छातीची वा पाठीची असह्य कळ पहाटेपर्यंत अंगावर काढू नये. रात्र कितीही झालेली असली तरी आपल्या रुग्णालयाचे दार उघडे आहे, आणि आता सी.टी. विभागाचा दिवाही चालू आहे.